ग्रामसभेत पाच मिनिटं बोलायचंय? तयारी अशी करा

शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही मोठी धरणं आहेत. त्यांचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळा आला की इथल्याच कित्येक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. शहापूर-मुरबाडकडच्या आपल्या घरांनाही हे काही नवीन नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही वस्तीच्या पाण्याचा प्रश्न ग्रामसभेत मांडला आणि सपशेल फसलो. वीस मिनिटं बोललो. पाण्यापासून सुरुवात केली, मग रस्ता, गटार, दिवाबत्ती, सगळंच काढलं. शेवटी ग्रामसेवकांनी एकच विचारलं, "सर, वस्तीत घरं किती?" आम्ही एकमेकांची तोंडं पाहत राहिलो. विषय पुढच्या सभेवर गेला आणि तो उन्हाळा टँकरवरच निघाला. रोज मुलांना "मुद्देसूद लिहा" सांगणारे आम्ही, स्वतःच नापास झालो. त्यातून जे शिकलो ते असं.

मागणी एकच ठेवा. ती एका वाक्यात लिहून पाहा. वाक्यात दुसऱ्यांदा "आणि" आलं, तर दुसरा विषय घुसला समजा.

आधी मोजा, मग बोला. घरोघरी जाऊन माणसं मोजा. समजा 40 घरांत 210 माणसं आहेत. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटर. म्हणजे रोज 11,550 लिटर पाणी हवं. प्रत्यक्षात किती येतं? या दोन आकड्यांतला फरक म्हणजेच तुमचं भाषण.

अर्ज आधी द्या. विषयपत्रिकेत विषय यावा म्हणून सभेच्या पुरेसं आधी लेखी अर्ज करा. दोन प्रती न्या, एकीवर पोहोच घ्या.

क्रम ठरवा. अडचण, आकडा, मागणी, आणि ते काम कुणी कधीपर्यंत करायचं. बस्स. प्रोजेक्टरच्या भानगडीत पडू नका, लाइट जाते. एक मोठा तक्ता पुरे, पण मागच्या रांगेतल्या चाचांनाही तो वाचता आला पाहिजे.

भाषा सभेची ठेवा. घरात आपण उर्दू बोलतो, गडबडीत "मुतालबा" तोंडात येतो. तिथे "मागणी" म्हणा. घड्याळ लावून घरच्यांसमोर दोनदा बोलून पाहा. मुलांना आडवे प्रश्न विचारायला सांगा, ती सोडत नाहीत.

बायकांना पुढे करा. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. पाणी भरणाऱ्या बाजींनी तिथे विषय मांडला, तर ग्रामसभेत त्याला आधीच वजन येतं.

ठराव लिहून घ्या. "बघू, करू" यावर उठू नका. ठराव प्रोसिडिंगमध्ये आला का, ते तिथेच विचारा आणि नंतर त्याची नक्कल मागा.

पुढच्या खेपेला आमच्या वस्तीतल्या एका बाजी चार मिनिटं बोलल्या. घरं किती, हे कुणी विचारायच्या आतच त्यांनी सांगितलं. ठराव झाला. नळ अजून आलेला नाही, पण ठरावाची नक्कल आमच्या हातात आहे. पंचायत समितीत जाताना आता आम्ही रिकाम्या हाताने जात नाही.

येत्या ग्रामसभेला अजून वेळ आहे. वही घ्या आणि घरं मोजायला लागा.