शेलच्या वैयक्तिक सेटिंगचे जतन

शेल हा संगणकाच्या संचालन प्रणालीला (ऑपरेटिंग सिस्टीम) लिखित आज्ञा देण्याचे माध्यम असलेला प्रोग्राम होय. आज्ञांची लघुरूपे, प्रोग्राम शोधण्याचे मार्ग, भाषेची निवड इत्यादी सेटिंग वापरकर्ता साध्या मजकुराच्या फायलींत लिहून ठेवतो. प्रणालीची नवी आवृत्ती बसवताना या फायली व त्यांचा परिणाम टिकवणे, यास शेलच्या सेटिंगचे जतन म्हणतात.

फायलींची स्थाने

लिनक्समध्ये सर्वांना लागू असलेली सेटिंग 'ईटीसी' निर्देशिकेत, तर व्यक्तिगत सेटिंग 'होम' निर्देशिकेतील टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायलींत असते. ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेल्या 'बॅश' (१९८९) या शेलची अशी फाइल '.बॅशआरसी' ही आहे.

नव्या आवृत्तीचा परिणाम

'होम'मधील फायलींना सामान्यतः हात लावला जात नाही; मात्र डिस्क पुसून प्रणाली नव्याने बसवल्यास त्याही नष्ट होतात. खरा धोका 'ईटीसी'तील बदलांना असतो. डेबियनमध्ये, तसेच त्यावर आधारित सी-डॅकच्या (मुख्यालय पुणे) 'बॉस' लिनक्समध्ये, सेटिंगची नोंदणीकृत फाइल वापरकर्त्याने बदललेली नसेल तर नवी प्रत आपोआप बसते. फाइल वापरकर्त्यानेही बदललेली आणि नव्या आवृत्तीतही बदललेली असल्यास कोणती ठेवायची हे विचारले जाते. फेडोरामध्ये नवी प्रत '.आरपीएमन्यू' किंवा जुनी प्रत '.आरपीएमसेव्ह' या शेपटासह शेजारी राहते.

फाइल शाबूत राहूनही सेटिंग निष्प्रभ होऊ शकते. मॅकओएस कॅटालिनामध्ये (२०१९) नव्या खात्यांसाठी बॅशऐवजी 'झी शेल' हा मूळ शेल ठरला. जुन्या खात्यांचा बॅश कायम राहिला. परंतु ज्यांनी झी शेल स्वीकारला त्यांची लघुरूपे चालेनाशी झाली, कारण हा शेल '.बॅशआरसी' वाचत नाही.

जतनाच्या पद्धती

* सामाईक मूळ फाइल न बदलता 'प्रोफाइल.डी' निर्देशिकेत स्वतंत्र फाइल ठेवणे.
* 'होम'साठी डिस्कचा वेगळा विभाग राखणे. तरीही बाह्य साधनावर प्रत आवश्यक असते, कारण डिस्क बिघडल्यास दोन्ही विभाग जातात.
* फायलींचा इतिहास 'गिट'मध्ये नोंदवणे; 'ईटीसी'साठी 'ईटीसीकीपर' हे साधन उपलब्ध आहे. अशा फायलींत पासवर्ड असल्यास त्या सार्वजनिक भांडारात ठेवणे धोक्याचे ठरते.
* प्रणाली बदलल्यावर जुन्या व नव्या प्रतींची 'डिफ' आज्ञेने तुलना करणे. जुनी फाइल सरसकट परत ठेवल्यास नव्या आवृत्तीतील सुधारणा पुसल्या जातात.

बदलांची चाचणी दुसऱ्या टर्मिनलमध्ये केली जाते व तोवर पहिले टर्मिनल चालू ठेवले जाते. फाइलीत चूक असल्यास ती दुरुस्त करण्याचा मार्ग त्यामुळे खुला राहतो.