कर्तन-भिंतीची जागा : कफ परेडच्या भरावभूमीच्या अनुषंगाने एक विवेचन

मुंबई बेटाच्या दक्षिण टोकास, कुलाब्याच्या पश्चिम अंगास, कफ परेडचे मच्छीमार नगर वसलेले आहे. पुढे समुद्र, काठावर ओढून घेतलेल्या होड्या, दाटीने उभी असलेली बुटकी घरे आणि त्यांच्या पाठीशी वीस मजल्यांहून उंच गेलेल्या काँक्रीटच्या इमारती, असे तेथील दृश्य आहे. या परिसराचा बराचसा भाग निसर्गदत्त भूमी नव्हे. बॅक बेच्या उथळ पाण्यात भराव घालून तो मिळविलेला आहे. असा भराव घालण्याचा पहिला मोठा उद्योग कापसाच्या तेजीत सुरू झाला आणि १८६५ च्या मंदीत बुडाला. दुसरा गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० च्या सुमारास, हाती घेतला गेला व खर्चामुळे बदनाम झाला. ज्यावर आजच्या उंच इमारती उभ्या आहेत तो पट्टा मुख्यतः १९६० व १९७० च्या दशकांतला. भूकंपाचा विचार करताना हा इतिहास केवळ शोभेचा नाही. इमारतीच्या पायाखाली काय आहे, याचे उत्तर त्यात आहे.

मुंबईला भूकंपाचे भय नाही, अशी एक समजूत आहे. ती खरी नव्हे. भारतीय मानक संस्थेच्या १८९३ क्रमांकाच्या संहितेची २०१६ सालची आवृत्ती मुंबईला तिसऱ्या कंपक्षेत्रात घालते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेस जो भूकंप झाला, त्याचे केंद्र मुंबईपासून सुमारे २०० किलोमीटर दूर होते; तरीही मुंबईकर झोपेतून जागे झाले. दूरच्या भूकंपाचा एक विशेष असा की, त्यातील जलद कंपने वाटेत विरतात आणि संथ कंपने दूरवर पोहोचतात. बुटके घर जलद डोलते, उंच इमारत संथ डोलते. ढोबळ मानाने दर मजल्यामागे एकदशांश सेकंद धरला, तर वीस मजली इमारतीचा एक झोका दोन सेकंदांचा होतो. तेव्हा दूरच्या भूकंपात मच्छीमार नगरातील घरांपेक्षा त्यांच्यामागच्या मनोऱ्यांना अधिक हेलकावे बसण्याचा संभव असतो. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको शहरात हेच घडले. केंद्र साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर असूनही जुन्या तळ्याच्या गाळावरील मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या. कफ परेडचा भराव आणि मेक्सिकोचा खोल गाळ यांची बरोबरी करणे अर्थातच चुकीचे ठरेल, कारण मुंबईत खडक फार खोल नाही. परंतु मऊ थर कंप वाढवितो हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

या हेलकाव्याला तोंड देण्यासाठी प्रबलित काँक्रीटच्या इमारतीत खांब व तुळया यांच्या सांगाड्याखेरीज पायापासून माथ्यापर्यंत सलग अशा काँक्रीटच्या भिंती घालतात. बांधकामावर त्यांना सरसकट 'शिअर वॉल' म्हणतात. मराठीत 'कर्तन-भिंत' म्हणता येईल. 'कर्तन' व 'कात्री' हे शब्द एकाच संस्कृत धातूचे वंशज आहेत, आणि इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थही कातरणे असाच आहे. पत्त्यांच्या जोडाला वरून आडवा धक्का दिला की एकेक पत्ता दुसऱ्यावरून सरकतो. ही विकृती म्हणजे कर्तन. मौज अशी की उंच इमारतीतली कर्तन-भिंत बहुधा अशी सरकत नाही. ती होडीच्या डोलकाठीप्रमाणे खाली रोवलेली असून वाकते. खऱ्या अर्थाने 'कातरली' जाते ती बुटकी, लांब भिंत. नावाने विद्यार्थ्याची दिशाभूल होते ती येथे : भिंतीला केवळ आडवी जाळी पुरेशी आहे असे त्याला वाटू लागते, आणि वाकण्याने जिच्यावर सर्वाधिक ताण व दाब येतो त्या दोन कडांचे, तेथील उभ्या सळयांचे व त्यांना आवळणाऱ्या कड्यांचे महत्त्व त्याच्या ध्यानात येत नाही. वर उल्लेखिलेली संहिता 'संरचनात्मक भिंत' अशा अर्थाचा शब्द वापरते. तो कमी चित्रमय पण अधिक प्रामाणिक आहे.

'भिंत' या शब्दाबद्दलही सावध राहिले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जी माणसे गेली, ती बहुतांशी दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गेली. ती भिंत वजनाने उभी होती, ताण सोसण्याचे सामर्थ्य तिच्यात नव्हते. कर्तन-भिंत ही तिची सख्खी बहीण नव्हे. ती सळयांनी पायाशी, स्लॅबशी आणि शेजारच्या तुळयांशी बांधलेली असते. हे बांधलेपण सुटले की तीही निव्वळ वजन होऊन बसते.

भिंतीचा ताठरपणा तिच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दोन-दोन मीटरच्या दोन सुट्या भिंतींपेक्षा चार मीटरची एक सलग भिंत, तेवढ्याच काँक्रीटमध्ये, वाकण्याला चौपट विरोध करते. त्यामुळे इमारतीवर आलेले आडवे बल खांबांकडे थोडे व भिंतींकडे पुष्कळ जाते. फझलुर खान व स्बारौनिस यांनी १९६४ साली दाखविल्याप्रमाणे खालच्या मजल्यांवर भिंत सांगाड्याला सावरते आणि वरच्या मजल्यांवर सांगाडा भिंतीला मागे ओढतो, ही गोष्टही खरी. परंतु या सर्वांहून अधिक निर्णायक प्रश्न वेगळा आहे : ही भिंत इमारतीच्या आराखड्यात कोठे उभी आहे?

मच्छीमार नगरातल्या कोणत्याही कोळ्याला याचे उत्तर अभ्यासावाचून ठाऊक आहे. होडी नुसती नाळेशी एका दोराने बांधली, तर वारा तिला त्या दोराभोवती फिरवतो आणि मोकळे टोक शेजारच्या होडीवर आदळते. दोन्ही टोके बांधली की होडी थोडी सरकते, पण फिरत नाही. इमारतीवरचे भूकंपाचे बल तिच्या वस्तुमानकेंद्रातून जाते. भिंतींचा प्रतिकार मात्र त्यांच्या दृढताकेंद्रात एकवटतो. ही दोन केंद्रे जवळ असतील तर इमारत सरळ डोलते. ती एकमेकांपासून दूर असतील तर इमारत डोलता डोलता पिळते, आणि दृढताकेंद्रापासून सर्वांत लांबचे कोपऱ्यातले खांब सर्वाधिक सरकून प्रथम मोडतात.

केवळ केंद्रे जुळवून भागत नाही, हे एका साध्या हिशेबाने दिसते. ३० मीटर लांब व २० मीटर रुंद अशी एक इमारत घ्यावी. रुंदीच्या दिशेने १०० टनांचे बल येते असे धरावे, आणि ते सोसण्यास दोन समान भिंती द्याव्यात. सोयीसाठी खांबांचा व आडव्या दिशेच्या भिंतींचा वाटा सोडून द्यावा. पहिल्या रचनेत दोन्ही भिंती मधोमध, जिन्याच्या दोन बाजूंस, तीन मीटर अंतराने आहेत. दुसऱ्या रचनेत त्या इमारतीच्या दोन टोकांस, तीस मीटर अंतराने आहेत. दोन्ही रचना सममित आहेत. प्रत्येक भिंतीला ५० टन. परंतु प्रत्यक्षात वजन कधीच काटेकोर वाटलेले नसते, म्हणून संहिता लांबीच्या पाच टक्के, म्हणजे येथे दीड मीटर, इतके आकस्मिक विकेंद्रण धरावयास सांगते. त्याने १५० टन-मीटरचा पीळ निर्माण होतो. टोकांच्या भिंती तो ३० मीटरच्या अंतरावर पेलतात : एकीवर ५ टन वाढतात, दुसरीवरून ५ उतरतात. मधल्या भिंतींना तोच पीळ ३ मीटरमध्ये पेलावा लागतो : एकीवर ५० टन वाढून १०० होतात, दुसरी जवळजवळ रिकामी राहते. काँक्रीट तेच, सळया त्याच. जागा बदलल्याने एका भिंतीवरचा भार ५५ टनांचा १०० टन झाला. अंतर दहापट झाले की पिळाला होणारा विरोध शंभरपट होतो, हे यामागचे गणित.

या सिद्धान्ताची कसोटी निकाराग्वाच्या मानाग्वा शहरात २३ डिसेंबर १९७२ रोजी लागली. तेथे दोन बँकांच्या इमारती जवळजवळ उभ्या होत्या. पंधरा मजली बँको सेंत्रालमध्ये लिफ्ट व जिन्यांचा ताठर भाग एका टोकास होता. ती पिळली आणि तिची अतोनात हानी झाली. अठरा मजली बँको दे अमेरिकामध्ये मधोमध चार भिंतीय गाभे सममितीने मांडून तुळयांनी एकत्र जोडले होते; तेथे मुख्यतः त्या जोडतुळयांना भेगा गेल्या. जोडतुळया भेगाळल्या हा दोष नव्हे, गुण होय. विजेच्या जोडणीतील फ्यूजप्रमाणे त्यांनी भूकंपाची ऊर्जा स्वतःत जिरवली आणि भिंती वाचविल्या. दोन भिंतींमधली दारे एकाखाली एक येऊ दिली तरच अशी तुळयांची ओळ मिळते. प्रत्येक मजल्यावर दार वेगळीकडे नेले तर भिंतीची चाळण होते. येथे गाभा मध्यभागीच होता, हा वरील हिशेबाशी विरोध वाटेल. परंतु तो ऐसपैस होता; त्याच्या बाहेरील भिंतींत पुरेसे अंतर होते.

कफ परेडला या दृष्टीने एक स्थानिक मोह आहे. समुद्र पश्चिमेस आहे, आणि समुद्र दिसावा म्हणून तर तेथील घराला किंमत. तेव्हा पश्चिमेची बाजू काचेसाठी मोकळी ठेवून लिफ्ट, जिना, नळ व संडास यांच्यासह सर्व भरीव भिंती पूर्वेस लोटाव्यात, असे आराखडा काढणाऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. ही नाळेशी बांधलेली होडीच होय. २०१६ ची संहिता अशा वेळी मूळ विकेंद्रणाची दीडपट व वर पाच टक्के धरावयास लावते. एका टोकाचे सरकणे दुसऱ्याच्या दीडपटीहून अधिक झाल्यास इमारत पिळाच्या दृष्टीने अनियमित ठरते. उपाय अवघड नाही. पश्चिम दर्शनी बाजूस, दोन घरांमधल्या विभाजक रेषेवर, समुद्राकडे काटकोनात भिंती आणता येतात. दृश्य त्याने झाकत नाही. मात्र अशा भिंती पूर्व-पश्चिम बलालाच उपयोगी पडतात. उत्तर-दक्षिण बलासाठी दर्शनी बाजूलाच समांतर अशी थोडी तरी भिंत द्यावी लागते, आणि तेथे घासाघीस होते.

सर्व भिंती टोकांना न्याव्यात असाही याचा अर्थ नव्हे. टोकाच्या भिंतीवर मजल्यांचे वजन कमी येते; हेलकाव्यात तिची एक कड वर उचलली जाऊ पाहते, आणि तिला धरून ठेवण्याचे काम पायावर पडते. भरावभूमीत पाया खडकापर्यंत नेलेल्या खुंट्यांवर असतो. त्या दाबाला जितक्या बळकट, तितक्या उपसल्या जाण्याला असतीलच असे नाही. शिवाय लांब इमारतीच्या दोन्ही टोकांस लांबीच्या दिशेने ताठ भिंती घातल्या, तर काँक्रीट आकसताना मधला स्लॅब दोहोंकडून ताणला जाऊन फाटतो. म्हणून रुंदीच्या दिशेच्या भिंती टोकांकडे, लांबीच्या दिशेच्या भिंती लांब बाजूंच्या मध्याकडे, अशी मांडणी पुष्कळदा शहाणपणाची ठरते.

आराखड्यातली जागा साधली तरी उभ्या दिशेतली सलगता राहते. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती पडल्या. वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले आणि खाली मोटारींसाठी केवळ खांबांवरचा मोकळा तळमजला, ही त्यांची ठरीव घडण होती. काही इमारतींत लिफ्टभोवती काँक्रीटचा गाभा होताही. पण मजल्यांच्या सळया त्यात नीट गुंतविलेल्या नसल्यामुळे इमारत त्याला सोडून गेली. मुंबईत आज अॅल्युमिनियमच्या साच्यांत भिंतीच भिंती ओतून मनोरे उभारले जातात, पण त्याखाली वाहनांसाठी पोडियम येतो आणि वरच्या भिंती तेथे जाड तुळयांवर संपतात. अशा ठिकाणी भिंतींची विपुलता फसवी आहे; सर्वाधिक बल जेथे गोळा होते तेथेच ती नाहीशी होते. मोकळ्या मजल्यात काँक्रीटच्या भिंती देऊन तोड काढावयाची तर २०१६ ची संहिता तिसऱ्या व त्यावरील क्षेत्रांत प्रत्येक मुख्य दिशेत मजल्याच्या क्षेत्रफळाच्या किमान दोन टक्के इतका भिंतींचा छेद मागते. वरच्या उदाहरणातील ६०० चौरस मीटरच्या मजल्यास हे १२ चौरस मीटर होतात. भिंत २५ सेंटिमीटर जाड असेल तर एका दिशेत ४८ मीटर लांबी. एवढी भिंत लिफ्टभोवती मावत नाही. ती आराखड्यात पसरावीच लागते.

मच्छीमार नगरासारख्या वस्त्यांच्या पुनर्बांधणीचा विषय जेव्हा निघतो, तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. कोळ्याला तळाशी मोकळी जागा लागते : जाळी पसरावयास व तुणावयास, मासळी निवडावयास, होडीचे सामान ठेवावयास. ही मागणी रास्त आहे. परंतु ती पुरविण्यासाठी तळमजल्यावरील सर्व भिंती काढल्या, तर बुटक्या घरातून मनोऱ्यात गेलेल्या कुटुंबाला अहमदाबादच्या त्या घडणीत नेऊन बसविल्यासारखे होईल. इमारतीच्या दोन्ही टोकांच्या रुंदीच्या भिंती व लांब बाजूंच्या मध्यावरील भिंती पायापर्यंत अखंड ठेवून मधला भाग मोकळा सोडता येतो, आणि जाळी त्या दोन टोकांच्या दरम्यान पसरता येतात. मात्र हे ठरवावे लागते ते पहिला आराखडा कागदावर उतरत असताना. पुढे, घरांची वाटणी व मोटारींच्या रांगा ठरल्यानंतर आराखडा अभियंत्याच्या हाती आला, तर त्याच्या वाट्याला भिंतीची जाडी आणि सळयांची संख्या एवढेच उरते.