मुंबई दीड तासावर, पण माहेर?

मैत्रिणींनो, नागपूरच्या आपणा कितीतरी जणींचं माहेर मुंबईकडे आहे. तिकडून "आईला दवाखान्यात हलवलंय" असा फोन आला, की घरात एकच वाक्य ऐकू येतं, "विमानानं जा, दीड तासात पोहोचशील!" खरंच पोहोचतो का हो आपण?

शाळेत मी मुलांना वेळ-अंतर-वेगाची उदाहरणं घालते. सोनेगावहून मुंबई आकाशमार्गे सुमारे 680 किलोमीटर. जेट विमान उंचावर ताशी 800 किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे उत्तर आलं पाऊण तासाच्या थोडं वर. पण तिकिटावर दीड तास असतो. कारण विमानाला धावपट्टीपर्यंत सरकत जायचं असतं, चढायचं-उतरायचं असतं, आणि मुंबईच्या आकाशात तर नंबर लावून घिरट्याही घालाव्या लागतात. पुस्तकातलं विमान मात्र कधी थांबत नाही!

आता घर ते घर हिशेब करा. विमान दहाचं असेल, तर सामान घेणारी खिडकी नऊला बंद. म्हणून साडेआठला तिथं हवं, आणि आठला घर सोडायला हवं. साडेअकराला उतरलात, सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत बारा वाजून गेले. माहेर डोंबिवलीला असलं तर पुढे दीड-दोन तास. झाले की सहा तास! शिवाय आता नवी मुंबईलाही विमानतळ झाला आहे, तेव्हा तिकिटावरचं नाव नीट वाचा.

आगगाडीचा मार्ग 837 किलोमीटरचा. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी निघून सकाळी कल्याणला सोडते. तेव्हा फोन दुपारी तीनला आला आणि विमान दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचं मिळत असलं, तर मी तरी गाडीच धरीन. विमान दुपारी दोनला घरी नेणार, गाडी सकाळी. फोन रात्री दहाला आला तर मात्र पहाटेच्या विमानाला पर्याय नाही, मग पैशांकडे पाहू नये. समृद्धी महामार्ग 2025 साली पूर्ण झाला खरा, पण 701 किलोमीटर, तेही काळजीत असलेल्या माणसानं रात्री गाडी हाकायची, हे मला पटत नाही.

गंमत म्हणजे नागपूरला विमानांचं अप्रूप जुनंच आहे. 1949 साली रात्रीच्या टपालाची विमानं सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री इथं जमायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परतायची. चारही शहरं इथून सातशे ते हजार किलोमीटरच्या आत, म्हणून हा मान आपल्याला! आईचं पत्र तेव्हा असं रात्रीतून यायचं.

एक व्यवहाराची गोष्ट. गाड्यांच्या आणि पहाटेच्या-रात्रीच्या विमानांच्या वेळा आजच एका कागदावर लिहून कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. ओळखपत्र, थोडी रोख आणि आईच्या औषधांची यादी एकाच पाकिटात ठेवा. विमानात बहुधा 15 किलो सामान आणि हातात 7 किलो चालतं, तेव्हा संत्र्यांची करंडी वजन करूनच न्या.