मुलगी पिशाचाची गोष्ट वाचते तेव्हा

मी सावंगी मेघेहून बोलतेय.

मागच्या महिन्यात गटाची बैठक झाली. बचत मोजली, वहीवर सह्या झाल्या, बाया उठल्या. एक ताई मात्र मागे थांबली. हळूच म्हणाली, "ताई, माही पोरगी रातभर मोबाइलात रक्त पेणाऱ्याची गोष्ट वाचते. वहीतबी तसेच चित्रं काढते. तिले काही बाधा त नसंन झाली? सासूबाई म्हणते, बाहेरचं पाहून घ्या."

मी तिला म्हटलं, "बाई, बाधा नाही. ती जपानची चित्रकथा आहे. बस, सांगते." तिला जे सांगितलं, तेच आज तुम्हा सगळ्यांना सांगते.

जपानमध्ये चित्रकथेला मंगा म्हणतात. चित्रं बहुतेक काळी-पांढरी असतात आणि पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. तिथे लहान मुलं, मुली, मोठी माणसं अशा प्रत्येकासाठी वेगळी मंगा मासिकं निघतात. आपली मुलगी वाचते ती गोष्ट 'व्हॅम्पायर नाइट'. लिहिणारी आणि चित्रं काढणारी बाईच आहे, मात्सुरी हिनो. मुलींच्या 'लाला' नावाच्या मासिकात ही गोष्ट 2004 मध्ये सुरू झाली आणि 2013 मध्ये संपली. तिची 19 पुस्तकं झाली. 2008 मध्ये तिच्यावर कार्टून मालिकाही आली. गोष्ट संपल्यावर लेखिकेने पुढची कथाही काढली.

व्हॅम्पायर म्हणजे माणसाचं रक्त पिऊन जगणारं, पण दिसायला तरुण आणि देखणं असं पिशाच. या गोष्टीत एक निवासी शाळा आहे. दिवसा साधी मुलं शिकतात, रात्री व्हॅम्पायर शिकतात, आणि दिवसाच्या मुलांना याचा पत्ता नाही. मुख्याध्यापकांनी सांभाळलेली युकी नावाची मुलगी या दोन वर्गांमध्ये पहारा देते. लहानपणी बर्फात एका व्हॅम्पायरने तिच्यावर हल्ला केला होता आणि कानामे नावाच्या दुसऱ्या व्हॅम्पायरने तिला वाचवलं होतं. त्याच्या आधीचं तिला काहीच आठवत नाही. तिच्यासोबत पहारा देणारा झीरो व्हॅम्पायरांचा द्वेष करतो, कारण त्याचं घरदार एका व्हॅम्पायरने संपवलं. पण त्यालाही चावा बसलेला आहे, आणि तो स्वतःच हळूहळू व्हॅम्पायर होतो आहे. पुढे कळतं की युकी जन्माने व्हॅम्पायरच. आईने तिला वाचवण्यासाठी माणूस केलं आणि तिच्या आठवणी पुसल्या. कानामेला हे ठाऊक होतं, पण त्याने सांगितलं नाही.

आता मुली यात एवढ्या का गुंततात? एक तर गोष्ट हप्त्याने येते. दर महिन्याला एक प्रकरण, आणि ते नेमकं अडलेल्या जागी थांबतं. जी मुलगी तेरा वर्षांची असताना ही गोष्ट वाचू लागली, ती शेवट वाचेपर्यंत एकवीस-बावीसची झाली. तेवढ्या काळात युकीही मोठी होते, तिचं मत बदलतं, तिच्या चुका होतात. वाचणारीला ती मैत्रीण वाटू लागते. आपण टीव्हीवरच्या मालिकेतल्या सुनेसाठी जेवण खोळंबवून बसतोच की.

आणि पिशाच आपल्याकडे काय नवं आहे? विक्रम-वेताळ आपल्या आजीपासून चालत आलेले. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' लिहिला, त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. राजा बोलला की वेताळ पुन्हा झाडावर, आणि गोष्ट पुन्हा सुरू. 1870 मध्ये रिचर्ड बर्टन या इंग्रजाने त्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाला त्याने 'व्हॅम्पायर' म्हटलं. 'चांदोबा'त वर्षानुवर्षं वेताळ भेटत राहिला. 1985 मध्ये तो दूरदर्शनवरही आला. तेव्हा कुणी आपल्याला बाधा झाली म्हटलं नव्हतं.

आता माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी माझी भाची अकरावीसाठी माझ्याकडे राहायला आली. रात्री एक वाजता पांघरुणातून उजेड दिसला. मी फोन हिसकावला, ते रक्ताचं चित्र पाहिलं आणि वाट्टेल ते बोलले. आठ दिवस फोन माझ्या कपाटात होता. पोरगी नीट जेवली नाही, बोलली नाही.

नवव्या दिवशी मीच तिच्याजवळ बसले. विचारलं, "ही गोष्ट आहे तरी काय?" आधी ती गप्प. मग सांगू लागली ती तासभर सांगत होती. मी विचारलं, "तुला कानामे आवडतो की झीरो?" म्हणाली, "कानामे तिला जपतो, मावशी. पण तिचीच गोष्ट तिच्यापासून लपवतो." मी म्हटलं, "मग ते जपणं झालं का गं?" ती खाली पाहत राहिली. मग म्हणाली, वर्गातला एक मुलगा तिच्या फोनचा पासवर्ड मागतो. विश्वास असेल तर दे म्हणतो, नाही दिला तर चिडतो. "तुला सांगितलं असतं तर तू फोन बंद केला असता. शिक्षणही बंद झालं असतं." 

मैत्रिणींनो, मला रक्ताच्या चित्राची भीती वाटत होती. खरी अडचण दुसरीकडे होती, आणि ती सांगायची वाट मीच बंद केली होती. पासवर्ड द्यायचा नाही, हे आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. आज ती बीएस्सीला आहे.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, गोष्ट तिच्याच तोंडून ऐका. यातला काही भाग आपल्याला खटकेल. युकी आणि कानामे भाऊ-बहीण म्हणून वाढलेले, आणि तरी त्यांचं प्रेम दाखवलं आहे. रक्तपात आहे. लहान मुलीसाठी ही गोष्ट नाही, मोठ्या मुलीसोबत बोलता येते. खटकलं तर तसं सांगा, पण आधी तिचं मत विचारा.

दुसरी, झोप. आमच्या घरी रात्री दहाला सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतात. सगळे म्हणजे माझाही.

तिसरी, फुकटात चोरून टाकलेल्या प्रती जिथे असतात, तिथे नको त्या जाहिराती आणि लिंक येतात. ओटीपी, फोन नंबर, फोटो कुठेही द्यायचा नाही. प्रकाशकाच्या अधिकृत ठिकाणी किंवा पुस्तकातूनच वाचायचं. पैशाची फसवणूक झाली तर 1930 वर लगेच फोन करा. मुलीला कुणी त्रास देत असेल तर 1098.

चौथी, मांत्रिकाकडे नेऊ नका. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं हा आपल्या राज्यात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

ती ताई परवा बैठकीला आली. मी विचारलं, "काय म्हणते पोरगी?" म्हणाली, "सांगते ना रोज थोडं थोडं. काल त झीरोपाशी आणून थांबवलं तिनं. आता माह्या जीवाले घोर, त्याचं पुढं काय होते!"

आज घरी गेल्यावर तुम्हीही विचारून पाहा.