घटक ४ : देवनागरी मजकूर आणि वेब सर्व्हर

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• अक्षर, संकेतबिंदू आणि बाइट यांतील भेद स्पष्ट करता येईल;
• मराठी पृष्ठ ‘फुटलेले’ का दिसते, याची कारणमीमांसा करता येईल;
• एकसारखे दिसणारे दोन मराठी शब्द सर्व्हरच्या लेखी भिन्न का ठरतात, हे सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक

मराठी मजकूर संगणकावर टंकलिखित झाला म्हणजे तो वाचकापर्यंत पोहोचलाच, असे नाही. दारव्हा येथील एखाद्या अभ्यासकेंद्राने आपल्या टिपणांचे पृष्ठ तयार केले, अशी कल्पना करू. ते पृष्ठ दिग्रसच्या वा दुबईच्या विद्यार्थ्याने मागताच त्याच्या हाती देण्याचे काम वेब सर्व्हर करतो. १९९५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला अपाचे हा असाच एक मुक्त-स्रोत सर्व्हर होय. त्याची आज्ञावली कोणासही वाचता येते, बदलता येते. १९९९ पासून अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था त्याची जोपासना करीत आहे.

हा सर्व्हर मराठी जाणत नाही. तो केवळ अंक वाहून नेतो. त्या अंकांचे मराठी कसे करावयाचे, हे वाचकाच्या ब्राउझरला नीट कळविले नाही, तर परीक्षेच्या आदल्या रात्री उघडलेले टिपण निरर्थक चिन्हांची रास ठरते. म्हणूनच हा प्रश्न तंत्रज्ञाइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.

४.२ अक्षर, संकेतबिंदू आणि बाइट

‘दारव्हा’ हे नाव घेऊ. लिपीच्या दृष्टीने त्यात तीन अक्षरे आहेत : दा, र, व्हा. युनिकोड मात्र अक्षरे मोजत नाही. ते वर्ण, स्वरचिन्ह आणि हलन्त-चिन्ह यांना स्वतंत्र संकेतबिंदू देते. त्यानुसार द, आकाराचे चिन्ह, र, व, हलन्त, ह आणि पुन्हा आकाराचे चिन्ह असे सात संकेतबिंदू होतात. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतबिंदू तीन बाइटांत साठविला जातो. म्हणजे तीन अक्षरे, सात संकेतबिंदू आणि एकवीस बाइट.

त्यांपैकी ‘द’चे तीन बाइट दशमान अंकांत २२४, १६४, १६६ असे आहेत. ब्राउझरने ते यूटीएफ-८ समजून वाचले तर ‘द’ दिसतो. पश्चिम युरोपीय भाषांसाठीच्या आयएसओ-८८५९-१ या संकेतानुसार वाचले, तर एका ‘द’ऐवजी तीन चिन्हे उमटतात : स्वराघातयुक्त रोमन ‘ए’, एक चलनचिन्ह आणि मध्ये तुटलेली उभी रेघ. अंक तेच राहिले, वाचन बदलले.

४.३ संरचना : संकेताची घोषणा

सर्व्हर प्रत्येक पृष्ठापुढे एक शीर्षक पाठवितो. मजकुराचा प्रकार आणि संकेत त्यात सांगता येतो. अपाचेत यासाठी ‘ॲड-डिफॉल्ट-कॅरसेट’ ही सूचना आहे. (सूचना प्रत्यक्षात रोमन लिपीत आणि सलग लिहावयाच्या असतात; येथे त्या उच्चारानुसार दिल्या आहेत.) या सूचनेपुढे ‘यूटीएफ-८’ लिहिले तर घोषणा योग्य होते, नुसते ‘ऑन’ लिहिले तर आयएसओ-८८५९-१ ची घोषणा होते, आणि ‘ऑफ’ लिहिले तर ही सूचना काहीच घोषित करीत नाही.

पृष्ठाच्या आतही संकेत लिहिता येतो. परंतु दोहोंत विरोध आला तर सर्व्हरच्या शीर्षकातील घोषणा वरचढ ठरते. त्यामुळे पृष्ठ निर्दोष असूनही ते फुटलेले दिसू शकते. अशा वेळी पृष्ठ पुन्हा टंकलिखित करणे व्यर्थ होय. सर्व्हर काय सांगतो, हे आधी तपासावे.

येथे एक अपवाद ध्यानी घ्यावा. युनिकोडपूर्व काळातील अनेक मराठी फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसविल्या होत्या. तशा फाइलमध्ये मुळातच मराठीचे संकेत नसतात. ती कोणत्याही घोषणेने सुधारत नाही. तिचे युनिकोडमध्ये रूपांतरच करावे लागते.

४.४ दोषशोधन : ‘वऱ्हाड’ सापडत नाही

‘पृष्ठ सापडले नाही’ हा ४०४ क्रमांकाचा दोष सर्वपरिचित आहे. मराठीत त्याचे एक खास कारण संभवते. ‘वऱ्हाड’ या नावाची फाइल सर्व्हरवर आहे, वाचकानेही ‘वऱ्हाड’ हेच नाव मागितले, तरी ४०४ येतो. असे का व्हावे?

या शब्दातील अर्धा ‘र’ तीन प्रकारे साठविता येतो. पहिल्यात ‘ऱ’ हा एकच संकेतबिंदू आणि हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, नुक्ता आणि हलन्त. तिसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पहिल्या प्रकारात शब्दाचे १८ बाइट होतात, उरलेल्या दोहोंत प्रत्येकी २१. वाचकाला तिन्ही रूपे एकच दिसतात. लिनक्सवरील सर्व्हर मात्र बाइटांची तुलना करतो आणि तीन वेगळी नावे पाहतो.

युनिकोडचे प्रमाणीकरण पहिली दोन रूपे एक करते. तिसरे वेगळेच राहते. म्हणून संस्थेने एकच लेखनरूप ठरवून सर्व नावांत तेच वापरावे.

दोषाचा माग नोंदवहीत, म्हणजे लॉग फाइलमध्ये लागतो. तेथे देवनागरी नाव देवनागरीत दिसत नाही. प्रत्येक बाइटसाठी टक्केचिन्ह आणि दोन चिन्हे लिहिली जातात. ‘दारव्हा’ या नावाची तेथे त्रेसष्ट चिन्हे होतात. मागितलेले नाव आणि फाइलचे नाव या रूपात शेजारी ठेवले की न दिसणारा भेद दिसू लागतो.

संरचना बदलल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करण्यापूर्वी ‘कॉन्फिगटेस्ट’ ही चाचणी घ्यावी. मात्र ती केवळ सूचनांचे व्याकरण तपासते. वाक्य व्याकरणशुद्ध असूनही अर्थाने चुकीचे असू शकते. चुकीच्या संकेताची घोषणाही या चाचणीत उत्तीर्ण होते.

४.५ विस्तार

अपाचेची क्षमता मॉड्यूल जोडून वाढविता येते. पत्त्यातील टंकनदोष क्षमा करणारे ‘मॉड-स्पेलिंग’ हे असेच एक मॉड्यूल. गंमत अशी की, त्याच्या रोमन नावातच एक ‘एल’ गाळलेला आहे. ते एका चिन्हाची चूक भरून काढते. परंतु त्याच्या दृष्टीने चिन्ह म्हणजे बाइट. देवनागरीतील एक मात्रा गळाली की तीन बाइट गळतात, आणि मॉड्यूल तेथे अपुरे पडते. इंग्रजीसाठी घडविलेली सोय मराठीला जशीच्या तशी लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. आज्ञावली मुक्त असल्याने ती उणीव दूर करण्याचा मार्ग मात्र आपल्याला खुला आहे.

४.६ सारांश

डोळ्यांना दिसणारे अक्षर आणि यंत्राने साठविलेले अंक यांत थेट एकास एक संबंध नसतो. संकेताची योग्य घोषणा झाली तर मजकूर वाचता येतो. लेखनरूपात एकवाक्यता असली तर तो सापडतो. दोन्ही गोष्टी साधल्या तरच जालावरील मराठी लेखन उपयोगी पडते.

४.७ स्वाध्याय

१. आपल्या गावाच्या नावातील अक्षरे, संकेतबिंदू आणि बाइट मोजा.
२. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ या शब्दांतील ‘र’च्या लेखनभेदाची चर्चा करा.
३. पृष्ठ फुटलेले दिसणे आणि पृष्ठ न सापडणे, या दोन दोषांची कारणे कशी भिन्न आहेत, ते सोदाहरण लिहा.