पाण्याच्या वाटेवर वसलेली गावं

चीनच्या युनान प्रांतातल्या आयलाओ डोंगरांत हानी लोक सुमारे १३०० वर्षं भात पिकवत आले आहेत. माथ्यावर राखलेलं जंगल, त्याखाली गाव, गावाखाली खाचरं आणि पायथ्याशी होंग नदी. जंगलात मुरलेलं पाणी पाटांनी गावातून खाचरांत उतरतं. पाटाच्या तोंडाशी खाचा पाडलेलं लाकूड किंवा दगड आडवा बसवतात. खाचेच्या रुंदीवर ज्याच्या-त्याच्या शेताचा वाटा ठरतो. इतकं न्यायाचं पाणीवाटप पाहायला तरी इथे जावं! तांदूळ लालसर, खाचरांत मासे आणि बदकंही. २०१३पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. शक्यतो हिवाळ्यात जा. कापणी झालेली खाचरं तेव्हा पाण्याने भरलेली असतात. सूर्योदयासाठी इथल्या युआनयांग भागातलं दुओयीशू गाव गाठावं.