डीएनए काढणे सोपे, जपणे कठीण

हरियाणातल्या राखीगढी इथल्या हडप्पाकालीन दफनभूमीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. तिथल्या सांगाड्यांमधून डीएनए मिळवण्यासाठी हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या खास स्वच्छ खोल्यांमध्ये ६१ नमुन्यांची भुकटी करण्यात आली. वाचता येईल इतका डीएनए त्यांतल्या फक्त एका नमुन्यातून निघाला. तो साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचा होता आणि इतका विरळ होता, की यंत्राला वाचता येतील असे डीएनए-तुकड्यांचे शंभरावर संच त्या एकाच नमुन्यापासून बनवावे लागले. २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात हे संशोधन आले आणि हडप्पाची माणसे कोण, यावर भरपूर वाद झडले. मला त्याहून मोलाचा वाटतो तो उरलेल्या साठ नमुन्यांचा प्रश्न. त्यांच्यातला डीएनए गेला कुठे?

उत्तर आपल्या हवामानात आहे. माणूस मेला की पेशींमधलीच एन्झाइमे डीएनए कापू लागतात. मग जिवाणू आणि बुरशी येतात. जमिनीतले पाणी साखळीचे दुवे हळूहळू तोडत राहते आणि उष्णता या सगळ्याला वेग देते. थंड प्रदेशात नेमके उलटे घडते. ग्रीनलंडच्या उत्तर टोकाला गोठलेल्या मातीत खनिजकणांना चिकटून राहिलेला वीस लाख वर्षांपूर्वीचा डीएनए सापडल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. जपण्याचे जे काम तिथे निसर्गाने आपसूक केले, ते आपल्या प्रयोगशाळांना रोज हाताने करावे लागते.

डीएनए हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढणारा फ्रीडरिश मीशर हा स्विस तरुणही याच अडचणीशी झुंजला. १८६९ मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या किल्ल्यात, जुन्या स्वयंपाकघराच्या जागी थाटलेल्या प्रयोगशाळेत तो काम करत होता. शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या पट्ट्यांवरचा पू धुऊन त्यातल्या पांढऱ्या पेशी त्याने मिळवल्या. डुकराच्या जठरातल्या पेप्सिनने प्रथिने पचवली आणि उरलेल्या केंद्रकांमधून फॉस्फरसयुक्त असा एक अनोळखी पदार्थ काढला. त्याला नाव दिले ‘न्यूक्लिन’. पुढे बाझलमध्ये ऱ्हाइन नदीतल्या साल्मन माशांच्या शुक्रपेशींवर तो काम करू लागला, तेव्हा पदार्थ खराब होऊ नये म्हणून मुद्दाम कडाक्याच्या थंडीत, न तापवलेल्या खोल्यांत बसायचा.

आजची पद्धत पाहिली तरी मीशरचा क्रम बराचसा तसाच आहे. रक्ताचे उदाहरण घेऊ. सीबीसी तपासणीसाठी जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात, ते बहुतेकांनी पाहिले असेल. त्या नळीत ईडीटीए असते. ते कॅल्शियम पकडून ठेवते, म्हणून रक्त गोठत नाही. ते मॅग्नेशियमही पकडते आणि डीएनए कापणाऱ्या एन्झाइमांना मॅग्नेशियमशिवाय काम जमत नाही. म्हणून डीएनए तपासणीसाठीही हीच नळी वापरतात. माणसाच्या तांबड्या पेशींना केंद्रक नसते, त्यामुळे उपयोग फक्त पांढऱ्या पेशींचा. एका मिलिलिटर रक्तातून साधारण तीसेक मायक्रोग्रॅम डीएनए मिळतो.

आधी तांबड्या पेशी फोडून काढून टाकतात. मग पांढऱ्या पेशींवर एसडीएस हे डिटर्जंट घालतात. पेशीचे आवरण स्निग्ध असल्यामुळे ते विरघळते आणि आतला डीएनए बाहेर येतो. द्रव एकदम चिकट, तार धरणारा होतो. डीएनएला बिलगलेली प्रथिने पचवण्यासाठी प्रोटिनेज-के हे एन्झाइम घालून नळी ५६ अंश सेल्सिअसला ठेवतात. नंतर फिनॉल आणि क्लोरोफॉर्म मिसळून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले, की नळीत तीन थर स्पष्ट दिसतात. वर पाण्याचा थर, त्यात डीएनए. मध्ये प्रथिनांची पांढरट साय. खाली फिनॉल-क्लोरोफॉर्म. वरचा थर पिपेटने उचलताना साय जराही येता कामा नये आणि घाईही चालत नाही, कारण अरुंद टोकातून जोरात ओढले तर लांब साखळ्या तुटतात.

या थरात मीठ आणि दुप्पट ते अडीचपट थंडगार इथेनॉल घालून नळी हळूच उलटीसुलटी करायची. डीएनएवरचा ऋण भार मिठातले सोडियम झाकते, अल्कोहोलमध्ये त्याला विरघळून राहता येत नाही आणि पांढऱ्या तंतूंचा गुंता नजरेसमोर तरंगू लागतो. सत्तर टक्के इथेनॉलने धुऊन, किंचित सुकवून तो टीई बफर या साठवणीच्या द्रावणात विरघळवतात. फार सुकवला तर विरघळता विरघळत नाही.

फिनॉल त्वचा जाळते आणि या पद्धतीत वेळही जातो. १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या रेने बूम आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट दाखवली. ग्वानिडिनियम थायोसायनेट या तीव्र क्षाराच्या सान्निध्यात डीएनए सिलिकाला, म्हणजे काचेच्या जातीच्या कणांना, घट्ट चिकटतो आणि क्षार धुऊन कमी केला की सुटतो. सिलिकाच्या चकतीवर चालणारी आजची बहुतेक तयार किट याच तत्त्वावर आहेत. शेवटी शुद्धता तपासतात. २६० आणि २८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाच्या शोषणाचे गुणोत्तर १.८ च्या आसपास आले, तर डीएनए स्वच्छ. बरेच कमी आले, तर प्रथिने किंवा फिनॉल राहिले असे समजायचे.

डीएनएचाच भाऊबंद असलेल्या आरएनए या रेणूचे काम याहून नाजूक. त्याच्या साखरेवर एक जादा हायड्रॉक्सिल गट असतो आणि त्यामुळे साखळी स्वतःच तुटायला सोपी जाते. शिवाय त्याला कापणारी आरएनेज एन्झाइमे आपल्या त्वचेवर, घामात, धुळीत सगळीकडे असतात आणि त्यांतली काही तर उकळूनही मरत नाहीत. म्हणून आरएनएसाठी वेगळी जागा, वेगळी पिपेट आणि सतत बदलावे लागणारे हातमोजे. कोविडच्या विषाणूची जनुके आरएनएचीच असल्याने त्या साथीच्या काळात आरटी-पीसीआर चाचणी करणारे शेकडो तंत्रज्ञ दिवसरात्र हेच करत होते. त्याच काळात नागपूरच्या नीरी संस्थेने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांतून नमुना घेण्याची आणि किटशिवाय, बफर व उष्णतेच्या साह्याने आरएनए मोकळा करण्याची पद्धत बसवली. २०२१ मध्ये तिला आयसीएमआरची मान्यता मिळाली. खर्च आणि वेळ वाचवणारे हे काम महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे असे आहे.

काढलेला डीएनए उणे २० अंशांना वर्षानुवर्षे राहतो, आरएनए उणे ८० ला ठेवतात. पण नुसते थंड ठेवून भागत नाही. वारंवार गोठवणे-वितळवणे घातक असते, म्हणून एकाच नळीऐवजी छोट्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवायचे. घरगुती ‘फ्रॉस्ट-फ्री’ फ्रिज इथे चालत नाही, कारण बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून स्वतःला गरम करतो. साध्या मार्करने लिहिलेले नाव अल्कोहोलचा थेंब पडताच पुसले जाते आणि निनावी नळीतला उत्तम डीएनए टाकून द्यावा लागतो. थंडीशिवायही मार्ग आहेत. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब गाळणकागदावर सुकवले, तर त्यातला डीएनए दीर्घकाळ तग धरतो, कारण पाणी नसेल तर एन्झाइमे आणि जिवाणू दोन्ही थंडावतात.

गुन्ह्याच्या तपासातही हाच नियम लागू होतो. रक्ताने भिजलेला कपडा ओलाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, तर आतल्या दमटपणात जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि पुरावा प्रयोगशाळेत पोचण्याआधीच नष्ट होतो. तो सावलीत सुकवून कागदी पाकिटात घालायला हवा. आपल्या दमट कोकणात आणि तापणाऱ्या विदर्भात तर याची निकड अधिकच. जनुके वाचणारी कोट्यवधींची यंत्रे घ्यायला उत्साह दिसतो, तसाच तो नमुना घेणाऱ्या परिचारिकेच्या, पोलीस शिपायाच्या आणि तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणासाठी, डीप फ्रीझरला अखंड वीज मिळावी म्हणून आणि साध्या कागदी पाकिटांसाठीही दिसला पाहिजे. वाचकांनीही यापुढे डीएनए अहवालाची बातमी वाचताना निकालाबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा: नमुना कसा घेतला आणि तपासणीपर्यंत कुठे, कसा ठेवला होता?